पाणीबाबाचा वाडगा

"आलं! पाणी आलं!" बंद कारखान्याची शेड दणाणली. तापलेल्या पत्र्याखाली दोनशे माणसं घामाने निथळत होती आणि समोर बाकावर निजलेल्या माझ्या भावजयीच्या पोटावर एक पितळी वाडगा होता. क्षणापूर्वी पाणीबाबाने तो सगळ्यांना उपडा करून दाखवला होता. थेंबही पडला नव्हता. आता त्यात आपोआप पाणी चढत होतं.

"बाळाच्या किडनीतलं वाईट पाणी ओढून घेतो मी! सुई नाही, चाकू नाही!" बाबा गरजला. "फक्त त्या यंत्राची नजर पोटावर पडू देऊ नका. यंत्र बघतं म्हणून किडनी सुजते!"

म्हणजे आरशात बघितलं म्हणून नाक वाकडं होतं! मी बारा वर्षं हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या खोलीत काम करते, पण घरात माझं ऐकतो कोण?

लग्नानंतर सात वर्षांनी भावजयीला दिवस राहिले होते. सातव्या महिन्याच्या तपासणीत बाळाच्या दोन्ही किडन्या फुगलेल्या दिसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लघवीच्या वाटेत अडथळा असावा, म्हणून ती मागे तुंबतेय. बाळाभोवतीचं पाणी म्हणजे मुख्यतः त्याची लघवीच. ते कमी झालं तर फुप्फुसांची वाढ अडते. दर आठवड्याला या. वेळ पडली तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवू."

भावजयीने हाय खाल्ली. त्यात शेजारणीने बाबाचं नाव काढलं. तिच्या सुनेच्या बाळाची सूज इथेच उतरली होती म्हणे. थोडी सूज असली तर पुष्कळदा ती आपली आपणच ओसरते, तेच या बाबाचं भांडवल आहे, हे मी सांगून थकले. "ताई, बुडत्याला काडीचा आधार तरी घेऊ द्या हो," भावजय रडत म्हणाली आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला आजही खातं. तपासणीच्या दोन तारखा गेल्या.

ही तिसरी बैठक. बाबा दर वेळी "नातलगांनी डोळे मिटा!" असा हुकूम सोडायचा आणि माझा भाऊ भाबडेपणाने मिटून बसायचा. या वेळी मी त्याला कोपर मारलं. "उघड डोळे. प्लंबर आहेस ना तू? बघ जरा."

त्याने पाहिलं. "ताई," तो पुटपुटला, "हे ग्लासभर पाणी आहे. बाळाची किडनी असते केवढी?"

"तुझ्या अंगठ्याएवढी. फुगून थोडी मोठी."

त्याची नजर स्वतःच्या अंगठ्यावरून वाडग्याच्या काठाशी असलेल्या बाबाच्या अंगठ्यावर गेली आणि तिथेच थांबली. मग तो उठला. वाडगा हिसकावून त्याने पाणी ओतून टाकलं, काठाखाली अंगठा दाबून तो उपडा धरला. थेंब पडला नाही. तोच वाडगा त्याने एका रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि अंगठा उचलला. पाणी पुन्हा चढलं.

"खुर्चीचीही किडनी सुजलीय का हो, बाबा?" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. भाऊ हसला नाही.

"भिंत दुहेरी आहे याची. मधे पाणी भरलंय. आत तळाशी एक भोक, बाहेर काठाखाली दुसरं. बाहेरचं दाबून धरलं की हवा शिरत नाही, आणि हवा शिरल्याशिवाय पाणी हलत नाही. रोज हेच काम करतो मी! रोज!" तो बायकोकडे वळला. "आणि डोळे मिटून बसलो."

"अश्रद्धेने बाळ दगावेल!" असं बजावत बाबाने मागच्या दाराने काढता पाय घेतला. आम्ही तडक हॉस्पिटल गाठलं. पडद्यावर सूज वाढलेली दिसली आणि बाळाभोवतीचं पाणी जवळजवळ आटलं होतं. ज्या पाण्यावर बाळाचा जीव, ते आत आटत असताना आम्ही बाहेर वाडग्यातल्या पाण्याला नमस्कार करत होतो.

त्याच दिवशी तिला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं. पाचव्या दिवशी दुर्बीण घालून अडथळा कापला. बाळ जगलं, पण एक किडनी कामातून गेली.

दर तीन महिन्यांनी त्याची तपासणी असते आणि दर वेळी भाऊ विचारतो, "आम्ही वेळेवर आलो असतो तर ती वाचली असती का?"

"सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणतात. प्रामाणिक माणूस असंच बोलतो. छातीठोक उत्तर फक्त बाबाकडे असतं.

म्हणून हात जोडून सांगते. पोटातल्या बाळाला आपलं दुखणं बोलून दाखवता येत नाही, ते बघावंच लागतं. कुणी डोळे मिटा म्हणालं तर उघडे ठेवा. आणि तपासणीची तारीख मिळाली असेल, तर त्याच तारखेला जा. आम्ही दोन चुकवल्या.