न विसरणारा शेजारी

बहरोमला खोटं खपत नसे, आणि हे तो ऊठसूट सांगे. कोकंदच्या तुतझोर मोहल्ल्यात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जो मुलगा घरच्या ओसरीवर बसून ताश्कंदच्या कुठल्याशा कंपनीचे प्रोग्राम लिहितो, त्याच्याकडे बोलायला माणसं कमी आणि मतं उदंड असतात. बाप गेल्यापासून घरात कर्ता तोच होता, त्यामुळे मतांना धारही आली होती.

त्याचा खास राग नानवाल्या हलीमा-खोलावर, म्हणजे हलीमा मावशीवर. आमच्याकडे मुलगी बघायची तर मुलाकडच्या बायका आधी तिच्या घरी जात नाहीत, गल्लीत येतात. तंदूरपाशी उभ्या राहतात, दोन नान घेतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, "ते निळ्या दाराचं घर कसं हो?" आणि गल्ली सांगते, सोन्यासारखी माणसं. मुलगी तोंडाळ असो, आळशी असो, तिच्या आईने उभ्या गल्लीशी वैर धरलेलं असो, परक्या बाईपुढे सगळ्यांची तोंडं एकच बोलतात. अगदीच जिवावर आलं, तर तीस वर्षं तिथे नांदलेली बाईसुद्धा म्हणते, "आम्ही इथे नवीन आहोत हो, फारसं माहीत नाही." विचारणारी समजायचं ते समजते, नान काखोटीला मारते आणि निघते. कुणाचं नाव खराब होत नाही.

"खोला, समदच्या मुलीला तुम्ही सुगरण म्हणालात," बहरोम एकदा म्हणाला. "तिला चहासुद्धा जमत नाही."

"जमेल की. सासरी गेली की जमेल."

"म्हणजे आज खोटंच ना?"

"तू आपला कीबोर्ड बडव," हलीमा-खोला तंदुरात हात घालत म्हणाली. "इथे भाजायला अक्कल लागते."

त्या वसंतात मोहल्ल्याचे म्हातारे पुढारी तुर्गुनबुवा त्याच्याकडे आले. कचऱ्याची गाडी कधी, गॅस कधी जाणार, पुलावाची मोठी कढई सध्या कुणाकडे, हेच प्रश्न दिवसातून शंभरदा ऐकून त्यांचे कान किटले होते. "ते यंत्र म्हणे विचारलं की उत्तर देतं. आपल्याला एक करून दे," ते म्हणाले. बहरोमला दुसरं काय हवं होतं. आठ दिवस त्याने खालमानेने काम केलं आणि फोनवर प्रश्न विचारला की उत्तर देणारा मदतनीस तयार केला. नाव ठेवलं 'शेजारी'.

आता शेजाऱ्याला गल्लीची माहिती हवी. पुरुषांच्या ग्रुपवर शुभेच्छांची फुलं आणि फुटबॉल, दुसरं काही नाही. खरी माहिती बायकांच्या ग्रुपवर, आणि आमच्या बायका लिहीत नाहीत, बोलतात. एका हाताने कांदा परतत दुसऱ्या हातात फोन धरून त्या बोलतात, बोललेलं पाठवतात आणि विसरून जातात. असे सात वर्षांचे अकरा हजार आवाज तिथे पडून होते. बहरोमने आईच्या फोनवरून ते सगळे उतरवून घेतले आणि शेजाऱ्याच्या पोटात घातले. त्यातला एकही त्याने स्वतः ऐकला नाही. मग कचऱ्याची गाडी विचारून पाहिली, कढई विचारून पाहिली. उत्तरं चोख आली. फोन समोर धरला की शेजारी उघडेल असा चौकोनी ठिपक्यांचा कागद छापून त्याने चायखान्याच्या खांबाला लावला, एक मशिदीच्या फाटकाला आणि एक, मुद्दाम, हलीमा-खोलाच्या तंदुराशेजारी.

याच सुमारास त्याच्या बहिणीचं, सुरय्योचं, ठरत होतं. सव्वीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. त्याच शाळेतल्या एल्योर नावाच्या भौतिकशास्त्राच्या मास्तरावर तिचं मन बसलं होतं आणि त्याचं तिच्यावर. दोन्ही घरांना ते ठाऊक होतं आणि दोन्ही घरं ठाऊक नसल्यासारखी वागत होती, कारण रीत म्हणून काही असते. एल्योरची आई रोहात-ओपा रीतसर येणार, गल्लीत विचारणार, आणि गुरुवारी बहरोमच्या निळ्या दाराच्या घरी, ओसरीवर, दोन्हीकडचे म्हातारे नान मोडणार. नान मोडला की बोलणं पक्कं.

एकच गोष्ट होती. एकोणिसाव्या वर्षापासून सुरय्योला फिट यायची. झोपताना ती एक गोळी घेई, आणि गेल्या पाच वर्षांत फिट आली नव्हती. गल्लीतल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. सात वर्षांत चार स्थळं येऊन गेली, वेगवेगळ्या कारणांनी फिसकटली, पण त्या गोळीबद्दल एकाही बाईने चकार शब्द काढला नाही. हलीमा-खोलाने तर एकदा कुराणावर हात ठेवायची तयारी दाखवली होती.

मंगळवारी रोहात-ओपा थोरल्या सुनेला, फेरूझाला, घेऊन आल्या. तंदूरपाशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. "सुरय्यो ना? मला मुलगा असता तर मी तुमच्या दारात जाऊच दिली नसती," हलीमा-खोला म्हणाली, आणि पैसे न घेता नान दिले. रोहात-ओपा प्रसन्न झाल्या. सून मात्र नव्या काळाची. सासू नान बांधून घेत होती तोवर तिने भिंतीवरच्या कागदापुढे फोन धरला.

बुधवारी दुपारी एक पोरगी निळ्या दारात गाठोडं ठेवून गेली. ओयीने, म्हणजे बहरोमच्या आईने, मंगळवारी संध्याकाळी रोहात-ओपांकडे पाठवलेले नान होते ते. कापडाची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. ओयी त्या गाठीकडे बघत उभी राहिली आणि मग उंबऱ्यातच खाली बसली.

बहरोमला कारण शोधायला दोन मिनिटं लागली. शेजाऱ्याला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याकडे नोंदलेला असे. मंगळवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं: "निळ्या दारातली सुरय्यो कशी मुलगी आहे?" खाली उत्तर: "सुरय्यो शाळेत गणित शिकवते. शेजाऱ्यांच्या मते शांत आणि कामसू. एकोणिसाव्या वर्षापासून तिला फिट येते. त्यासाठी रोज रात्री औषध घेते. हे कुठल्याही स्थळाला सांगितलेलं नाही. आणखी काही विचारायचं आहे का?"

वाचताना त्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर उत्तर चोख आहे. मग ते आपल्या बहिणीबद्दल आहे हे ध्यानात आलं. पण आधी ते आलं.

घाईघाईत त्याने शेजाऱ्याला बजावलं की सुरय्योबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आणि संध्याकाळी, टोपी घालून, तो रोहात-ओपांच्या घरी गेला.

"ओपा, यंत्रं थापा मारतात," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो खोटं बोलत होता आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं. "माझंच आहे, मला ठाऊक. कुणाचंही कुणाला चिकटवतात."

रोहात-ओपांनी त्याच्यापुढे चहा ओतला, काठोकाठ. भरलेला पेला म्हणजे पी आणि नीघ, हे बहरोमला कुणी सांगायला नको होतं. मग त्यांनी चष्मा लावला, फोन उघडला आणि त्याच्यादेखत विचारलं, समदची मुलगी कशी? शेजारी म्हणाला, हसतमुख, प्रकृती उत्तम. हलीमाची पुतणी? कष्टाळू, प्रकृती उत्तम. मग सुरय्यो. शेजारी म्हणाला, "या व्यक्तीबद्दल बोलायला मला मनाई आहे."

"काल आजार होता," रोहात-ओपा म्हणाल्या. "आजाराला औषध तरी असतं. आज हे काय?"

बहरोम घाईने पुढे सरकला. "ओपा, ते मी..."

"गप रहा, पोरा. मला काय ठाऊक नव्हतं वाटतं? माझ्या बहिणीची जाऊ तुमच्या मागच्या गल्लीत राहते. दोन वर्षांपासून ठाऊक आहे मला. एल्योर हट्टाला पेटला, पोरगी गुणाची, म्हटलं झाकली मूठ. नान मोडणार होते मी. पण आता माझ्या सुनेला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. उद्या तिच्या माहेरी, परवा बाजारात. डोळे उघडे ठेवून मी कशी आणू तिला?" त्यांनी फोन पालथा ठेवला. "तुझ्या गल्लीने सात वर्षं सांभाळलं. तुला सात दिवस धीर धरवला नाही."

शुक्रवारी सुरय्यो स्वतःहून त्याच्या ओसरीवर आली. तीन दिवसांत ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"अका, एल्योर उद्या येतायत," ती म्हणाली. "घरी न सांगता. फरगान्याच्या शाळेत त्यांनी दोघांसाठी नोकरीचं विचारलंय. आई नंतर निवळतील म्हणाले."

"त्याला ठाऊक आहे ना?"

"मीच सांगितलंय, पहिल्याच वर्षी. कधी कधी घेरी येते, पडते मी. ते म्हणाले, मी धरीन." ती किंचित हसली. "तू मध्ये काही बोलू नकोस, एवढंच."

बहरोमच्या छातीवरचा धोंडा उतरला. बहीण सुटली याचं समाधान होतंच, पण आपण सुटलो याचं जास्त होतं, आणि त्याला स्वतःलाही ते कळत होतं.

शनिवारी ओयीने दस्तरखान अंथरलं. बदाम, मनुका, परत आलेल्या गाठोड्यातले नव्हे तर नवे नान. तेवढ्यात तुर्गुनबुवा आले. बहरोमने आदल्या रात्री शेजारी बंद केला होता, आणि बुवांकडे सकाळपासून रांग लागली होती.

"चालू कर बाबा," बुवा दारातूनच म्हणाले. "बायका मागे लागल्यात. आमच्या पोरींना तो चांगलं म्हणतो म्हणे, तेही लेखी. नानवालीच्या शब्दापेक्षा त्याला वजन आहे. तुमचं जे झालं ते वाईटच झालं. पण एका घरासाठी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. चार मनुके उचलले आणि निघाले.

सात वर्षं जिभेवर कुलूप घालून बसलेल्या त्याच बायका या. ओयी दाराकडे बघत राहिली आणि मग तिचा बांध फुटला.

"ज्या मेलीने त्या यंत्राला सांगितलं," ती म्हणाली, "तिची जीभ झडो. तिच्या पोटच्या पोरीचं असंच वाटोळं होवो. यांच्यातलीच कुणी आहे. हलीमाच असेल, वर गोड बोलते. आणि तू," ती बहरोमकडे वळली, "तू त्यांचं ऐकून घेतलंस. घरात साप आणलास. तुझा बाप असता तर तुला उंबऱ्यात उभं केलं नसतं."

"ओयी, पुरे. ते येतील आता," सुरय्यो म्हणाली.

"का पुरे? नाव सांग म्हणावं तिचं. खऱ्याचा पुतळा ना हा? सांग की खरं, कुणी सांगितलं."

बहरोम गप्प बसू शकला असता. नाव बुधवारीच त्याला सापडलं होतं, आणि चार दिवस त्याने ते पोटात ठेवलं होतं. तेवढी एक भली गोष्ट त्याच्या खात्यावर होती. पण बापाचं नाव निघालं, सापाचं निघालं, आणि चार दिवस गल्लीतून खाली मान घालून चालल्याचं सगळं एकदम वर आलं. त्याने फोन काढला, सात वर्षांपूर्वीचा ऑगस्ट उघडला आणि आवाज मोठा करून तो दस्तरखानावर ठेवला.

ओयीचा आवाज आला, घाबरलेला. "बायांनो, कुणी जागं आहे का? माझ्या सुरय्योला काहीतरी होतंय. डोळे पांढरे केलेत, दातखीळ बसलीय. कुणाचा डॉक्टर ओळखीचा आहे का? बहरोम घरी नाही. बायांनो..." आणि त्या शब्दांच्या मागे, सगळा वेळ, दुसरा एक आवाज होता. घशातून येणारा, घरघरणारा, जनावराचा असावा तसा, आणि त्याखाली टाचा जमिनीवर आपटल्याचा.

ओयीने डोक्यावरचा रुमाल तोंडावर घेतला. मघाशी दिलेला शाप तिला परत घेता येत नव्हता, आणि तो कुणाला लागलाय हे तिला कळलं होतं. "मी मदत मागत होते रे," ती म्हणाली. "मी फक्त मदत मागत होते."

बहरोमने फोनकडे हात नेला. तो हात सुरय्योने धरला.

"मागे ते काय वाजतंय?" तिने विचारलं.

ओयीने मान फिरवली.

"ते मी आहे?"

आजवर कुणी तिला ते सांगितलं नव्हतं. ती उठायची तेव्हा डोक्याखाली उशी असायची, तोंड पुसलेलं असायचं आणि ओयी म्हणायची, घेरी आली होती ग. तिने स्वतःच फोन उचलला आणि पुन्हा लावला. शेवटपर्यंत ऐकला. मग तिसऱ्यांदा लावला. ओयी रडत म्हणत होती बंद कर, बंद कर, आणि सुरय्यो फोन कानाशी धरून, एखाद्या पोराची चुकीची गणितं तपासावीत तशी, शांतपणे ऐकत होती.

दार वाजलं. एल्योर आला होता, इस्त्रीच्या शर्टात, हातात फुलं. बहरोम उठायला लागला, तर तिने त्याला बसवलं आणि स्वतः अंगणातून दारापाशी गेली. दार तिने अर्धंच उघडलं.

"तुम्ही मला धराल म्हणाला होता," ती म्हणाली. "ते कसं दिसतं, माहीत आहे तुम्हाला?"

"सुरय्यो, ते बोललोय ना आपण. घेरी येते, त्यात काय एवढं?"

"घेरी नाही येत," ती म्हणाली. "तुमच्या आई बरोबर आहेत. परत जा."

तिने दार लावल्यावर तो काही वेळ दार वाजवत राहिला. सुरय्यो ओसरीवर आली, फोन भावापुढे ठेवला आणि दस्तरखानावरचे नान एकेक करून कापडात बांधायला लागली.