वाटीतल्या दोन गोळ्या

रालित्साच्या फोनवर सकाळीच यंत्राचा निरोप आला होता: ‘औषध दिलं.’ तरी स्तोयांका मावशी फोन उचलेना.

घरोघरी वेळेवर गोळ्या देणारं यंत्र रालित्साची कंपनी बनवत होती. आतल्या डब्यांची रचना तिची. डबी फिरली की एक गोळी खालच्या वाटीत पडायची. चाचणीसाठी रूसे शहरातल्या काही म्हाताऱ्या माणसांकडे यंत्रं दिली होती, त्यातलं एक मावशीकडे.

चौथ्यांदा फोन वाजून बंद पडला तशी ती बैठक सोडून उठली.

दार उघडलं ते मावशीने भिंतीला धरूनच. चेहरा पांढराफटक.

“काय झालं?”

“काही नाही गं. मिरच्या शिजवत होते, जरा गरगरलं.”

स्वयंपाकघरात लाल मिरच्यांचं पातेलं रटरटत होतं. खिडक्या वाफेने धुरकटल्या होत्या. यंत्र शेगडीशेजारीच. रालित्साने मावशीला आडवं केलं, पायांखाली उशा सरकवल्या, रक्तदाब मोजला. आकडा फारच खाली गेला होता. तिने रुग्णवाहिका बोलावली.

“मावशी, खरं सांग. आज किती गोळ्या पडल्या?”

“दाबाच्या दोन. काल एकही नव्हती.”

“आणि तू दोन्ही घेतल्यास?”

“यंत्राने दिल्या म्हणून घेतल्या. तू केलंयस ना ते! तक्रार केली असती तर तुझ्या साहेबासमोर तुलाच खाली बघावं लागलं असतं.”

रालित्साने डबी उघडली. आतली भिंत वाफेने ओलसर झाली होती आणि आणखी एक गोळी तिला चिकटून बसली होती. भिंत तिनेच गुळगुळीत ठेवली होती, गोळी सरकन घसरावी म्हणून. डबी फिरली एवढंच यंत्राला कळायचं. गोळी पडली की नाही, हे बघायची सोयच नव्हती.

रुग्णालयात मावशीला सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, “रात्रभर इथेच ठेवू. वेळेवर आणलंत.” रालित्साने बाहेर येऊन साहेबाला, बोयानला फोन लावला.

“सगळी यंत्रं बंद कर.”

“अगं, बाकी कुणाची तक्रार नाही.”

“माझ्या मावशीचीही नव्हती!”

तो म्हणाला, “करतो बंद. पण दुपारच्या गोळ्या आत्ताच पडल्यात. एकेकाला फोन करावा लागेल.”

“मी करते.”

कॉरिडॉरमध्ये उभ्यानेच ती एकेक नंबर फिरवत गेली. सगळे ठीक होते. शेवटचे गेन्चो आजोबा, एकटे राहणारे, उचलेनात. पुन्हा लावला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा एकदाचा आवाज आला.

“कोण आहे? माणसाला सुखाने जेवू द्याल की नाही?”

“आजोबा, मी यंत्रवाली रालित्सा. वाटीत किती गोळ्या आहेत?”

“दोन. एकच असते ना नेहमी? म्हटलं, आज मेहेरबानी झाली.”

“घेतल्या?”

“सूप संपलं की घेणार आहे.”

ती भिंतीला टेकून खाली बसली.

“घेऊ नका,” ती म्हणाली. “हात लावू नका आजोबा, मी येतेय.”