तपकिरीचं खाणं जातं कुठे

आमच्या पशुखाद्याच्या दुकानात गोण्या तोलायचा मोठा लोखंडी काटा आहे. तपकीर त्यावर स्वतःहून चढते. बस म्हणावं लागत नाही. चढते, शेपूट आवरून बसते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू मीच मापात मारणार आहे.

त्या दिवशीही ती तशीच बसली, आणि काट्याचा आकडा मागच्या खेपेपेक्षा खाली आला.

"काटा बिघडलाय तुमचा, वहिनी," भावजी म्हणाले.

"काटा बिघडला असता तर गिऱ्हाइकांनी केव्हाच माझ्या डोक्यात घातला असता. कुत्री वाळतेय, भावजी. हात फिरवून बघा, बरगड्या मोजता येतात."

त्यांनी हात फिरवला नाही. बघायचं नसलं की माणूस हात खिशात घालतो, तसे घातले.

तपकीर म्हणजे खरोखरच तपकिरीच्या रंगाची, लांब कानांची शिकारी कुत्री. थंडी पडली की तळ्यावर बदकांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. बंदुका दुसऱ्यांच्या. भावजींचं, म्हणजे आमच्या धाकट्या दिरांचं, काम एवढंच, की पाण्यात पडलेलं बदक तपकिरीकडून आणवायचं. ती गारठलेल्या पाण्यात उडी टाकते, लव्हाळ्यातून पोहत जाते, बदक तोंडात धरते आणि हातात आणून देते. त्या बदकावर दाताचा व्रण नसतो. हे तिला शिकवलं मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी. हे काम आधी त्यांचं होतं. गुडघे गेले तसे ते मागच्या अंगणात, पडवीतल्या खुर्चीवर आले, आणि त्यांचे गमबूट खुर्चीशेजारी.

पण कुत्री आमची नव्हे, शिकारमंडळाची. हंगामाच्या तोंडावर मंडळाचा सेक्रेटरी येतो आणि माझ्याच काट्यावर सगळी कुत्री तोलतो. ठरलेल्या वजनाच्या रेघेपर्यंत जे भरत नाही ते पाण्यात सोडत नाहीत, थंडीनं मरेल म्हणून. ते बरोबरच आहे. पण जे पाण्यात जात नाही त्याला मंडळ पोसतही नाही. आम्हाला न विचारता मागेल त्याला देऊन टाकतात. पिल्लू असताना तपकीर माझ्या ओढणीत झोपलेली आहे. तिला कुणीतरी दोरी लावून घेऊन चाललंय, हे चित्र मला नको होतं.

म्हणून तिचं खाणं मी हातात घेतलं. माझा धंदाच तो. शाळा लवकर सुटली, पुढचं शिक्षण गोण्यांच्या पाठीवर छापलेलं वाचून झालं.

भावजींचं मत सोपं होतं. "दोन वाडगी जास्त घाला की!"

"पोट भरणं वेगळं आणि जोर भरणं वेगळं," मी म्हटलं. "नुसत्या पिठाचा जोर वाळक्या पाल्यासारखा. भसकन पेटतो, विझतो. दिवसभर पळायचं, पोहायचं, तर चरबीचा जोर लागतो. तो ओंडक्यासारखा जळत राहतो. शिवाय मांस हवं, अंग धरायला. आणि भरल्या पोटी पळवायचं नाही. मोठं जेवण संध्याकाळी, काम संपल्यावर."

"तुम्ही माझ्या जेवणाचा एवढा विचार केला असता तर..."

"तुम्ही आधी काट्यावर बसून दाखवा."

दुकानातल्या जोरकस खाण्याच्या तीन गोण्या मी उघडल्या. वास घेतला, दाणे नखानं फोडले, आणि खोटं कशाला बोलू, एकेक चाखूनही पाहिला. आमचे हे ट्रकवर असतात, त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मी घरी येईपर्यंत माझ्यासाठी काही वेगळं शिजवून ठेव म्हणजे झालं." मी निवडली ती सगळ्यांत भारी गोणी. त्यात बारीक गोल दाणे होते आणि मधूनमधून सुक्या बदकाच्या मांसाचे बोटाएवढे जाड तुकडे. सगळी चरबी, सगळा जोर त्या तुकड्यांत. शिकारी कुत्रीला बदक, याहून शोभेसं काय असणार? जुन्या खाण्यात हळूहळू मिसळत मी तिला त्यावर आणली. वाडगं रोज चाटूनपुसून साफ.

आणि काटा उतरतच राहिला.

डॉक्टरीणबाई आल्या, डोळे पाहिले, दात पाहिले, जंत तपासले. काहीच निघालं नाही. "खाते ना नीट?" त्यांनी विचारलं.

"वाडगं धुवावं लागत नाही," भावजी म्हणाले.

"आणि मागून?" मी विचारलं.

भावजी लाजले. पन्नाशीला आलेला माणूस, रोज चिखलात वावरतो, आणि वहिनीसमोर शी म्हणायला लाजतो. "कमी झालीय," ते शेवटी पुटपुटले. "मला वाटलं, भारी खाणं आहे, सगळं अंगी लागत असेल."

डॉक्टरीणबाई हसल्या. "थोडी कमी होतेच. पण अंगी लागत असतं तर काट्यावर दिसलं असतं. नीट लक्ष ठेवा."

इथेच तर अडलं होतं. आमच्या घरात एक जुना नियम होता, मामंजींचा. कामाच्या कुत्र्याला खाताना बघायचं नाही. वाडगं मागच्या अंगणात ठेवायचं, पाठ फिरवायची, दार ओढून घ्यायचं. ते म्हणत, कुत्रा दिवसभर आपल्या हुकमात असतो, जेवताना तरी त्याला मालक नसावा. मला तो नियम फार आवडायचा. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, या घरात हा नियम सुनेलाही लावतील. नाही लावला.

तर वाडगं भरताना मी बघत होते, रिकामं झाल्यावर बघत होते, आणि मधलं काहीच कुणी बघत नव्हतं. तेवढ्यात मला मुंग्या दिसल्या. पडवीच्या कडेनं शिस्तीत चाललेली रांग, खुर्चीच्या पायाला वळसा घालून सरळ मामंजींच्या डाव्या गमबुटात. रबराच्या बुटात मुंग्यांचं काय काम?

संध्याकाळी मी वाडगं ठेवलं, दार ओढलं आणि घरात न जाता कोठीच्या खोलीत गेले. तिथे गोण्यांच्या थप्पीमागे एक खिडकी आहे, अंगणावर उघडणारी. कोंड्याच्या गोणीवर गुडघे टेकून मी डोळा लावला.

तपकिरीनं आधी बारीक दाणे खाल्ले. नीट, निवडून, जिभेनं तुकडे बाजूला सारत. मग एक तुकडा उचलला. चावला नाही. ओठांत अलगद धरला, मान उंच केली आणि अंगण ओलांडून पडवीत गेली. मामंजींसमोर बसली. मामंजींनी, जे दिवसभर कशालाच हूं की चूं करत नाहीत, त्यांनी पाठ ताठ केली आणि तळहात पुढे केला. तिनं तुकडा तळहातावर ठेवला.

"शाबास," ते म्हणाले. तुकडा हलकेच बुटात टाकला.

ती परत गेली. दुसरा आणला. मग तिसरा. वाडगं रिकामं होईपर्यंत त्या दोघांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. कुत्रीची शेपूट हलत होती आणि म्हाताऱ्याचा आवाज दरवेळी थोडा मोठा होत होता. मला खिडकीपासून हलवेना. हसूही येत होतं. जिथे सगळा जोर होता, तेवढंच नेमकं ती देऊन टाकत होती.

भावजींना हाक मारून मी बूट उलटा केला. तुकड्यांचा ढीग पडला. उजवा बूटही भरत आला होता.

"बाबा, हे काय?" भावजी ओरडले.

मामंजींनी बूट ओढून घेऊन सरळ उभा केला. मग म्हणाले, "मीच शिकवलंय तिला. बदक तोंडात आलं की ते आपलं नाही, द्यायचं. ती चुकली नाही. तुम्ही वाडग्यात बदक घातलंत."

"मी घातलं," मी म्हटलं. "पण मामंजी, ती वाळली ना! आम्हाला सांगायचं तरी."

"मला वाटलं पोट भरल्यावर उरलेलं आणते. वाळलीय हे मला इथून दिसतं का? तिला तोलता तुम्ही तिकडे, दुकानात." मग ते म्हणाले, "आणि सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं."

भावजी खाली बसून तुकडे गोळा करू लागले. मीही. तळ्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला दिवसभर खुर्चीवर बसवून आम्ही दोघं कुत्रीच्या चरबीचा हिशेब करत बसलो होतो.

पण माझं डोकं गप्प बसेना. दुसऱ्या दिवशी मी एका ताटलीत दोन तुकडे ठेवले, एक बदकाचा आणि एक माशाचा, तेवढाच जाड, तेवढाच चरबीचा. आता नियम मोडलाच होता म्हणून आम्ही तिघंही उघड बघत होतो. तपकिरीनं मासा मचामचा चावून गिळला. बदक उचलून मामंजींना दिलं.

"ही मासे खाते!" भावजी म्हणाले.

"माशासाठी तिला कुणी शिकवलं नाही," मामंजी म्हणाले, आणि हसले. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत हे मी विसरूनच गेले होते.

वाडग्यात माशाची गोणी आली. नियम पुन्हा लागू झाला, दार पुन्हा ओढलं जाऊ लागलं. काटा आधी थांबला, मग रेंगाळत वर सरकू लागला.

सेक्रेटरी आला तेव्हा भावजींचे हात पुन्हा खिशात. मामंजींनी हट्ट करून खुर्ची दुकानात आणवली होती. तपकीर चढली, शेपूट आवरून बसली. काटा थरथरला, रेघेच्या अलीकडे थांबला, आणि तिनं एक मोठा श्वास घेतला तसा पुन्हा हलला. सेक्रेटरी वाकला. आम्ही सगळेच वाकलो.

"रेघेवर आहे," तो म्हणाला. "जेमतेम. पण अंग चांगलं धरलंय हिनं. पाण्यात जाऊ दे." मग भावजींना विचारलं, "काय घालता हिला?"

"ते वहिनींना विचारा."

"मासे," मी म्हटलं. "बदकाची गोणी अर्धी उरलीय, हवी असेल तर घेऊन जा."

त्यानं नेली नाही. बरंच झालं. रोज वाडगं ठेवण्याआधी भावजी बदकाच्या गोणीतला एक तुकडा अंगणात कुठेतरी लपवतात. कधी कुंडीमागे, कधी पाण्याच्या पिंपाखाली. मामंजी खुर्चीतून हात दाखवतात, तपकीर सुटते, हुंगते, शोधते, अलगद उचलून त्यांच्या तळहातावर आणून ठेवते, आणि तुकडा बुटात जातो.

नवा तुकडा काढायची अजून गरज पडली नाही. पहिलाच चालतोय. रोज सकाळी मी तो बुटातून काढते, पुसते आणि उलटसुलट करून बघते. व्रण एकही नाही.