वाऱ्याविरुद्ध धावलेले जहाज

मित्रांनो, या कंपनीच्या दाराशी काचेच्या पेटीत उभे आहे ना, ते शिडाचे जुने लढाऊ जहाज म्हणजे मी. हातभर लांबीचा लाकडी नमुना. समुद्र मी कधी पाहिला नाही, पण एके काळी वारा मला चांगला ठाऊक होता.

मला एका ताईने घडवले. समुद्रावरच्या जुन्या लढायांचा तिला भारी नाद. धाकट्या भावाबरोबर तिने संगणकावरचे खेळ बनवायची कंपनी काढली, तेव्हा पहिल्याच खेळासाठी तिने मला सागवानातून कोरले आणि सुती कापडाची शिडे शिवली. टेबलपंख्यासमोर ती मला हळूहळू वळवायची. शीड कुठे फुगते, कुठे मलूल पडते, हे ती सांगायची आणि भाऊ शेजारी बसून खेळातले जहाज तसे चालवायचा. दोघे हसायचे, भांडायचे. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

तिच्या खेळात समोरून वारा आला की जहाजाला नागमोडी जावे लागे. तोफ पुन्हा भरायला वेळ लागे. गोळा आदळला की फळ्यांच्या ढलप्या उडून खलाशी घायाळ होत, आणि लढाईनंतर खेळणाऱ्याला जहाजाच्या पोटात उतरून त्यांना पाहावे लागे. तिने प्रत्येक खलाशाला नाव दिले होते.

चाचणीला आलेली मंडळी कंटाळली. जहाज गोगलगायीसारखे चालते, कण्हणे ऐकवत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. भाऊ घाबरला. त्याने आधी वारा काढला, मग तोफ भरण्याचा वेळ. ताईने दोन्ही गिळले. शेवटी तो जखमींवर आला.

"ताई, लोक दमूनभागून येतात. त्यांना घटकाभर मजा हवी असते."

"करू दे की मजा. पण तोफ डागली तर माणूस मरतो, एवढं तरी राहू दे."

"त्यानं खेळ चालणार नाही."

"मग माझं नाव काढ त्यावरून."

एरवी भावाने बहिणीचे नाव काढले म्हणजे तिचा मान वाढवला असे होते. याने ते खरोखरच पुसून काढले. ती कंपनी सोडून गेली.

खेळ तुफान चालला. त्यातले जहाज वाऱ्याच्या तोंडावर सुसाट धावते. मला त्याच्यासारखे दिसणे भाग होते. मला काळे रंगवले, वरच्या मजल्यावर तोफांच्या दोन जादा रांगा चिकटवल्या. आता पाण्यात सोडाल तर जागच्या जागी उलटेन. शिडे कायम फुगलेली दिसावीत म्हणून त्यांना डिंक चोपडला. खाली पाटी लावली: 'इतिहास, जसा घडला तसा.'

पुढे भावाला दुसरा खेळ सुचेना. त्याने ताईला बोलावले. ती आली, तेव्हा त्याने मला पेटीतून काढून तिच्या हातात दिले आणि परत येण्याची गळ घातली. तिने शिडावरून अंगठा फिरवला.

"हे माझं नाही," ती म्हणाली. मला हळूच ठेवून ती निघून गेली.

भाऊ नखाने डिंक खरवडू लागला. डिंकाबरोबर कापडही फाटून आले. फाटकी बाजू भिंतीकडे करून त्याने काच लावली.

मित्रांनो, खेळा, जिंका. पण तुम्ही बुडवलेल्या जहाजावर माणसे होती, एवढे विसरू नका. आणि आपल्या माणसाचे काम बिघडवले असेल, तर वेळीच सावरा. डिंक वाळल्यावर नखे झिजवून काही हाती लागत नाही.