फटीचं कारण

मामाची नोकरी गेली ती आठ खोक्यांपायी. खोक्यांत पायपुसणी होती. नोकरी जायला निदान भारदस्त माल तरी हवा, यंत्रं, औषधं, गेला बाजार फ्रीज. पण आमच्या खानदानाची इज्जत गेली ती पायपुसण्यांवर.

मामा म्हणजे माझा सख्खा मामा. सव्वीस वर्षं तो गोदामात कंटेनर भरत होता. मीही तिथंच, त्याच्याच वशिल्याने चिकटलेला. मामाची एक सवय होती. आतून बाहेर खोकी रचत यायचं आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराशी, उजव्या हाताला एक उभी फट सोडायची. आपला पंजा आत जाईल एवढी.

"पलीकडे उघडणाऱ्यालाही हात असतात रे," तो म्हणायचा. "आणि समुद्रावर पुठ्ठा फुगतो. लग्नानंतर तुझा बाप फुगला तसा."

मग ऑफिसातून टक्का आला. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर असेल; आम्ही त्याला टक्का म्हणायचो, कारण तो टक्क्यांशिवाय बोलत नसे. त्याने कंटेनर भरायचा प्रोग्रॅम आणला होता. कुठलं खोकं कुठं, आडवं की उभं, सगळं टॅबलेटवर रंगीत दिसायचं. साहेबांनी शर्यत लावली. दोन सारखे कंटेनर, तीच पायपुसणी. एक मामा भरणार, दुसरा प्रोग्रॅम सांगेल तसा बाकीची पोरं भरणार.

प्रोग्रॅमने सहाशे बारा खोकी बसवली. मामाने सहाशे चार.

टॅबलेट माझ्याकडे होता. तो माझ्याच अंगठ्याने उघडायचा आणि माझ्याच अंगठ्याने पुढे सरकायचा. मामाच्या कंटेनरचा फोटो काढल्याबरोबर त्याने फट पकडली आणि विचारलं, 'रिकाम्या जागेचं कारण निवडा.' खाली दोनच बटणं होती. एक 'मालाची चूक', दुसरं 'माणसाची चूक'.

मी टक्क्याला म्हटलं, "तिसरं टाका ना. मुद्दाम सोडलेली जागा."

"मुद्दाम सोडलेली जागा असं गणितात काही नसतं."

"मामाकडे असतं."

"मामा गणितात नाहीत."

कारण दिल्याशिवाय गेटची चिठ्ठी निघत नव्हती. मामा घाम पुसत म्हणाला, "दाब रे काहीतरी, भूक लागलीय." माल तर नवाकोरा, खोकी चौकोनी. त्यांची चूक म्हणायला जीभ वळेना. मामाची म्हणायला मात्र अंगठा वळला. जेवायची सुट्टी होती हो, दुसरं काही नाही.

सोमवारी मामाच्या हातात पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'चुकीचा प्रकार: माणूस.'

त्या दिवशी आईने माझ्यापुढे ताट आदळलं. "खा," ती म्हणाली. "अंगठा दमला असेल." मामा तिचा एकुलता एक भाऊ. पुढचे दोन महिने ती माझ्याशी ताटाच्या आवाजातच बोलली.

दोन महिन्यांनी सहाशे बारा खोक्यांचा कंटेनर परत आला. भरलेलाच. पलीकडच्या लोकांनी दार उघडलं तर समोर पुठ्ठ्याची भिंत. खोकी फुगून एकमेकांत अशी रुतली होती की नख शिरेना. दोन दिवस खटपट करून त्यांनी दार लावलं आणि माल आला तसा परत धाडला. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती, 'आधी रिकामा करून दाखवा.'

आमच्याकडेही कुणाला एक खोकं निघेना. साहेब मला म्हणाले, "तुझ्या मामांना बोलाव. प्रेमाने बोलाव."

मामा आला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्या इस्त्रीने माझं डोकं फिरलं. या लोकांसाठी मामीने सकाळी उठून कॉलर ताठ केली होती, आणि ती का केली होती हे मला कळत होतं.

"या मामा, या!" साहेब म्हणाले. "तुमच्याशिवाय गोदामाला शोभा नाही."

टक्का मोजपट्टी घेऊन पुढे आला. "काका, जरा पंजा सरळ धरता?"

"कशाला?"

"फट किती सोडायची ते प्रोग्रॅममध्ये घालतोय. तुमच्या पंज्याची जाडी आणि रुंदी लागेल."

मामाचा चेहरा उजळला. "म्हणजे मी परत कामावर?"

"म्हणजे तुमचा पंजा," टक्का म्हणाला. "कायमस्वरूपी. शंभर टक्के."

"आणि बाकीचा मी?"

टक्क्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं. छताला काही सुचलं नसावं. "प्रमाणपत्र देऊ की," साहेब म्हणाले. "फ्रेम करून."

मामाने पंज्याकडे पाहिलं, मूठ वळली आणि उजव्या बाजूच्या खोक्यात हाणली. कोपरापर्यंत हात आत गेला. बाहेर आला तेव्हा त्यात पायपुसणं होतं. त्यावर 'सुस्वागतम्' लिहिलेलं होतं.

मग त्याने दुसरं ओढलं. तिसरं ओढलं. चोवीस वेळा आमचं स्वागत झालं. रिकामं खोकं आपोआप चेपलं, मामाने ते उपटून टक्क्याच्या पायाशी टाकलं. शेजारचं खोकं आता नुसतं ओढलं तरी निघत होतं.

"ही फट," मामा म्हणाला. "घे माप. मुठीचं आहे."

एका 'सुस्वागतम्'वर त्याने दोन्ही चपला नीट पुसल्या आणि गेटबाहेर गेला. मागे वळून पाहिलं नाही. मी पाहत होतो.

टक्क्याने फोटो काढायला लावला, रिकामा करण्याआधी नोंद हवी म्हणून. टॅबलेटने ताबडतोब विचारलं, 'रिकाम्या जागेचं कारण निवडा.' खाली तीच दोन बटणं.

"दाब पटकन," टक्का म्हणाला.

"विचार करतोय."

"विचार कसला? दोनच तर आहेत!"

"म्हणूनच वेळ लागतोय."

"अरे, सगळ्या चिठ्ठ्या अडकल्यात, गेट बंद पडलंय," साहेब ओरडले. "बाहेर अकरा ट्रक उभे आहेत!"

"हो, दिसले मला. रांगेत छान उभे आहेत, मध्ये फटी सोडून."

साहेबांनी माझं मनगट धरलं. मी अंगठा आत घेऊन मूठ वळली. माझी मूठ मामाएवढी नाही, पण घराणं तेच. साहेबांनी एकदा मुठीकडे, एकदा फुटलेल्या खोक्याकडे पाहिलं आणि मनगट सोडलं.

याला आज तिसरा दिवस. ट्रक सव्वीस झालेत. टक्का रोज येऊन सांगतो की तिसरं बटण बनवायला वरची परवानगी लागते. मी म्हणतो, मागा, मी आहे इथंच. नोकरी किती दिवस आहे माहीत नाही. बहुतेक ते बटण येईपर्यंतच.

काल आईने ताट हळू ठेवलं.

"अंगठा कसा आहे?" तिने विचारलं.

"विश्रांती घेतोय."

"घेऊ दे," ती म्हणाली, आणि न मागता भात वाढला.