देवाला ठेवलेले तांदूळ

ब्याण्णवच्या डिसेंबरात शहरं पेटली आणि तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबांना खेड्यांच्या पोटाची आठवण झाली. दंगल पसरून वाटा बंद झाल्या तर लोकांनी खायचं काय? म्हणून धसईच्या वरच्या अंगाला, जयरामच्या गावात, चाळीस पोती तांदूळ आगाऊ येऊन पडले. रेशनचं दुकान जयरामचं, तेव्हा कागदावर सहीही त्याचीच. आदेश आल्याशिवाय पोतं फोडायचं नाही, एवढी एक ओळ त्या कागदात ठळक होती.

दुकानात जागा कुठली! पोती विठोबाच्या मंडपात रचली. मंडपाला ना दार ना कुलूप. जयराम टाळकरी माणूस, कीर्तनात जन्म गेलेला. त्याला सुचलं ते देवाचंच सुचलं. त्याने गाव बोलावलं, डोंगरावरची आदिवासींची वाडी बोलावली, वरच्या पोत्यावर नारळ ठेवला, बुक्का लावला आणि म्हणाला, "हे धान्य आता देवाचं. हात लावील त्याच्या घराला देव बघून घेईल."

पोती मोजायला आलेले साहेब हसले. "जयराम, राखणदारच नेमलास की रे!"

जानेवारीत पुन्हा भडका उडाला. रेशनची गाडी येईना. भिवंडीकडच्या वीटभट्ट्या बंद पडल्या आणि कामाला गेलेली वाडी रिकाम्या हातांनी, पायीच परत आली. आठ दिवसांनी वाडीवरची भागी दुकानाच्या पायरीशी येऊन बसली. कडेवर तिची ठमी, तीन वर्षांची, मान टाकलेली.

"जयरामदादा, दाणा नाय रं घरात. कडूकंद उकडून घातलं पोरीला. इख उतराय पाणी बदलाय लागतं, पण भूक दम धरू देईना, बदललंच नाय नीट. तवापास्नं वकतेय."

जयराम सायकल मारत तालुक्याला गेला. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"तुझ्या गावात दंगल झाली का?"

"नाही साहेब. पण उपास—"

"मग? योजना दंगलीसाठी आहे. आदेश कसा काढू?"

तीन दिवस तो गेला, तीन दिवस हेच ऐकून आला. चौथ्या दिवशी त्याने विठोबापुढे डोकं टेकलं, नारळ उचलून बाजूला ठेवला आणि पोत्याची सुतळी कापली. तुरुंग तर तुरुंग! कीर्तनात जन्मभर भुकेल्याच्या मुखातला देव ऐकला, तो काय टाळ कुटायलाच?

पोतं बैलगाडीत घालून तो वाडीवर पोचला. माणसं जमली, पण पुढे कुणी होईना.

"घ्या रे! बघता काय?"

भागीचा नवरा नवशा मागे सरला. "दादा, तूच बोललास, देवाचं हाय."

"मीच ठेवला नारळ, मीच काढला!"

"ठेवणाऱ्याला काढता येत नाय. देवाशी बोलाय भगत लागतो. भगत गेलाय भट्टीवर, तो आला नाय अजून."

जयरामने मूठभर तांदूळ तोंडात कोंबले, कच्चेच चावले. "हे बघा, मी खाल्ले! काय झालं मला?"

"तुझा देव तुझ्या वळखीचा," एक म्हातारी म्हणाली. "आमचं कोण ऐकतो?"

त्याने भागीपुढे हात जोडले. ती झोपडीच्या दारात ठमीला मांडीवर घेऊन बसली होती. "माझी एकच हाय, दादा. खाऊ घातलं नि देवानं नेली तर?"

गाडी तशीच भरलेली परत आली. त्या संध्याकाळी कीर्तन होतं. टाळ हातात घेतले, पण हात एकमेकांजवळ येईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागी एकटीच मंडपाशी आली. पदर पसरून उभी राहिली.

"दे मूठभर."

जयरामच्या जिवात जीव आला. त्याने घाईघाईने ओंजळ भरली, पुन्हा भरली. "शिजवून पेज कर गो, पातळ कर, सोसेल तिला."

"शिजवायचं नाय," भागी म्हणाली. वरची ओंजळ तिने पोत्यात परत ओतली, मूठभरच ठेवले आणि पदराला गाठ मारली. "तोंडात घालायला हवंत. खड्डा खणून झालाय. आता तिला चालंल, दादा. आता ती देवाचीच झाली."