रडणारी तोफ

"रडली! रडली!"

जळकोटच्या पलीकडं, जुन्या बुरुजात थाटलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात एरवी कुत्रं फिरकायचं नाही. श्रावणात मात्र दाराशी बाटल्या घेऊन रांग लागली. आत तोफांच्या ओळीतली एक पंचधातूची तोफ घामेजली होती.

"आई रडतीय, लेकरांनो!" तोफेशेजारी ठाण मांडलेल्या तोफनाथ महाराजांनी थेंब जिभेवर ठेवला. "खारट! अश्रूच की! बीपी, शुगर, सासू... समदं उतरतंय!" तोफ पुसायची, फडकं पाण्यात पिळायचं, झालं तीर्थ.

संग्रहालयप्रमुख महांतेश पुढं सरसावला. अंधश्रद्धेवर शाळाशाळांतून भाषणं ठोकणारा गडी, असा मोका सोडतोय होय?

"मंडळी, थंड धातूवर हवेतली वाफ साचते..."

"मग शेजारच्या तोफा कोरड्या कशा, सायेब?" रांगेतून आवाज आला.

महांतेशनं शेजारच्या तोफांवर हात फिरवला. हात कोरडाच. रांग दुप्पट झाली.

(पाटी, मसुदा पहिला: तोफेच्या पाण्याचे कारण अभ्यासाधीन आहे.)

रांगेत त्याची मावशीही होती. गौराबाईनं बीपीच्या गोळ्या फडताळात सारल्या, तीर्थ सुरू केलं आणि आठवड्याच्या आत भोवळ येऊन पडली.

"गोळ्या बंद, वर हे खारट पाणी!" डॉक्टर मैथिली चिडल्या. "सर, यात मीठ येतं कुठून?"

मीठ.

महांतेशला आठवलं. दिल्लीचे पाहुणे यायचे म्हणून, घरी समया घासतात तशी, त्यानं ही एकच तोफ चिंच-मिठानं घासली होती. नक्षी झळकली, खाचांतलं मीठ धुवायचं राहिलं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसं तोफेला सुटलं. म्हणजे चमत्कारी बुवा तो स्वतःच!

संध्याकाळी सगळ्यांदेखत त्यानं तोफ स्वच्छ धुऊन कोरडी केली. घरचा तांब्या चिंच-मिठानं घासून, न धुता शेजारी ठेवला.

सकाळी तोफ कोरडी. तांब्या मात्र ढसाढसा रडत होता.

"तांब्यातबी आई आली!" महाराज ओरडले, पण आवाज बसलेला.

"मग माझ्या समया न धुता ठिवल्या तर त्याबी रडतील की," मैथिलीचा हात धरून उभी असलेली गौराबाई म्हणाली. रांगेतून खसखस पिकली. "आन् महांत्या, येवढा शिकलास, भांडं विसळायला न्हाय शिकलास? आण माझ्या गोळ्या."

(पाटी, मसुदा शेवटचा: ही तोफ रडत नाही. प्रमुखांनी ती नीट धुतली नव्हती. कुणीही शहाणा, प्रमुखांना धरून, काही सांगू लागला तर शेजारची तोफ कोरडी का, हे आधी विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.)